खोली मालकाची, श्रम मजुराचे : वाडीवरच्या घराचे वाद आणि आपली जबाबदारी



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पावसाळ्याच्या तोंडावर एका सायंकाळी चर्चच्या आवारात एक कुटुंब येऊन थांबले. नवरा, बायको, दोन लहान मुले, एक पत्र्याची पेटी आणि चादरीत बांधलेली भांडी. जवळच्याच एका वाडीवर ते आठ वर्षे राहत होते. केळीला आणि फुलझाडांना पाणी घालायचे, गवत काढायचे, रात्री राखण करायची आणि त्या बदल्यात विहिरीजवळच्या खोलीत राहायचे, असा व्यवहार होता. तोडणीच्या दिवसांत थोडे पैसे मिळत, एरवी नाही. बायकोच्या आजारपणात महिनाभर कामात खंड पडला, शब्दाला शब्द वाढला आणि मालकाने खोलीला कुलूप लावले.

मालकही आमच्याच धर्मग्रामातला, दर रविवारी मिस्साला येणारा, हात सैल सोडून देणगी देणारा. त्याला बोलावले तेव्हा तो म्हणाला, "फादर, आज खोली दिली, उद्या सातबाऱ्यावर नाव लावतील. माझ्या मुलांनी काय करायचं?" मजुराला विचारले तेव्हा तो म्हणाला, "खोली त्यांचीच आहे, फादर. पण आठ वर्षांचं काम कुणाचं?"

मी मध्यस्थी केली. पंधरा दिवसांची मुदत मिळवून दिली. कुटुंब दुसऱ्या गावी गेले आणि वाद मिटला असे मी समजलो. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आले, की मी फक्त खोलीबद्दल बोललो होतो. आठ वर्षांच्या मजुरीचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. त्या मजुराने तो मला स्पष्ट शब्दांत विचारला होता, तरीही.

या लेखाचे निमित्त ते आहेच. पण आणखी दोन निमित्ते आहेत. वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा केंद्रीय कायदा आणि गोव्यातील मुंडकारांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची अंमलबजावणी, या दोन्ही गोष्टी 1976 सालच्या. 2026 साली त्यांना पन्नास वर्षे पूर्ण होतात. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या असून 1948 च्या किमान वेतन कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे. कामाच्या बदल्यात निवारा देणारे आणि घेणारे, दोघेही आपल्या धर्मग्रामांत आहेत. म्हणून या विषयाचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

जुनी प्रथा, नवी रूपे

ठाणे-पालघर पट्ट्यातील जुन्या लोकांना 'लग्नगडी' हा शब्द आठवत असेल. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून थोडी रक्कम घ्यायची आणि ती फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्या शेतावर राबायचे. राहायला त्याच्याच जागेवर झोपडी, खायला त्याचेच धान्य आणि हिशेबाची वहीही त्याच्याच हाती. 1945 साली तलासरी-उंबरगाव भागात वारली बांधवांनी या वेठीविरुद्ध उठाव केला, त्यात गोदावरी परुळेकर अग्रभागी होत्या. पुढे 1980 च्या दशकात आपल्याच वसई तालुक्यात विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्ततेचे काम उभे केले. तेव्हा पुष्कळांना धक्का बसला होता, कारण मुंबईच्या इतक्या जवळ हे घडत असेल असे कोणाला वाटले नव्हते.

आज ती प्रथा त्याच नावाने उरलेली नाही. परंतु वाडीवरचा गडी, फार्महाऊसचा राखणदार, आंब्याच्या बागेतील माळी, वीटभट्टीवरचे कातकरी कुटुंब यांच्या बाबतीत मूळ व्यवहार पुष्कळदा तोच दिसतो : निवारा आणि श्रम एकमेकांत गुंतलेले, कागद नाही, हिशेब नाही. 2021 साली पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात एका आदिवासी पित्याने आत्महत्या केली. मुलाच्या अंत्यविधीसाठी घेतलेल्या 500 रुपयांपोटी त्याला राबवून घेतले जात होते, असा आरोप तेव्हा झाला. पाचशे रुपये ही आपल्यापैकी अनेकांच्या एका वेळच्या बाजारहाटाची रक्कम आहे.

प्रत्येक मालक सावकार नसतो, हेही तितकेच खरे. चार-पाच एकरांचा वाडीवाला स्वतःच कर्जात असतो. मुले नोकरीसाठी शहरात किंवा आखाती देशांत गेलेली असतात. वाडी सांभाळायला माणूस हवा म्हणून तो खोली देतो. त्याच्या मनात शोषणाचा हेतू नसतो, पण जमीन जाण्याची भीती असते. ही भीती आणि मजुराचे दारिद्र्य एकत्र आले, की वाद पेटतो.

तीन प्रश्न, तीन वाटा

असा वाद समोर आला, की कोण चांगला आणि कोण वाईट हे ठरविण्याची घाई होते. कायदा मात्र तसे विचारीत नाही. तीन साध्या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की कोणती वाट लागू होते ते बहुतेक वेळा उघड होते.

पहिला प्रश्न : घर कोणी बांधले?

खोली मालकाने बांधलेली असेल आणि कामाच्या सोयीसाठी मजुराला दिलेली असेल, तर ती मालकाच्या परवानगीने वापरलेली जागा ठरते. कितीही वर्षे राहिले तरी केवळ त्यामुळे मालकी मिळत नाही. गोव्यातील एका कौटुंबिक मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली हे अगदी स्पष्ट केले, की राखणदार, रखवालदार किंवा नोकर यांचा ताबा हा मालकाच्या वतीने असलेला ताबा असतो आणि दीर्घ वास्तव्यामुळे त्यांना जागेत हक्क निर्माण होत नाही. आपल्या वाडीवाल्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. "बारा वर्षे झाली की जागा गेली" अशी जी भीती गावोगाव पसरलेली आहे, ती अशा प्रकरणांत निराधार आहे.

परंतु याचा अर्थ रातोरात कुलूप लावता येते असा नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार, परवानगी काढून घेतल्यावर राहणाऱ्याला जागा सोडण्यास आणि आपले सामान हलविण्यास वाजवी अवधी मिळाला पाहिजे. वाजवी म्हणजे किती, हे परिस्थितीवर अवलंबून असते. भर पावसात, मुलांच्या परीक्षा चालू असताना, घरात बाळंतीण किंवा आजारी माणूस असताना एक दिवसाची मुदत वाजवी म्हणता येणार नाही.

घर मजुराने किंवा त्याच्या वाडवडिलांनी स्वतःच्या खर्चाने बांधले असेल, तर चित्र पालटते. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात लागू असलेल्या 1948 च्या कुळवहिवाट कायद्यातील कलम 16 आणि 17 कुळाने बांधलेल्या राहत्या घराला संरक्षण देतात. कलम 18 ने हेच संरक्षण गावातील शेतमजूर आणि कारागिरांच्या घरांनाही दिले आहे. त्यांना सहजासहजी हुसकावता येत नाही, तसेच घराखालील जागा विकत घेण्याचा हक्कही त्यांना पोहोचतो. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतील कित्येक कातकरी वाड्या खासगी जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आहेत. जमिनीचे भाव वाढले, की त्यांच्याभोवती कुंपण पडू लागते. अशा वाड्यांच्या लढ्यात हा कायदा उपयोगी पडला आहे. या कायद्यात 'गाव' हा शब्द आहे. म्हणून ज्यांची गावे महापालिकेच्या हद्दीत गेली आहेत, त्यांनी वकिलाचा सल्ला घेतल्याखेरीज पाऊल उचलू नये.

गोव्यात याच नात्याला नाव आहे : भाटकार आणि मुंडकार. भाटात घर बांधून राहायचे, माडांची राखण करायची आणि भाटकाराच्या घरी पडेल ते काम करायचे, अशी ही रीत होती. 1971 साली आणि नंतर शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना 1975 साली मुंडकारांना निष्कासनापासून संरक्षण देणारे कायदे झाले. 1975 चा कायदा मार्च 1976 मध्ये अमलात आला. त्यानुसार पात्र मुंडकाराला आपले घर आणि त्याभोवतीची जागा (पंचायत क्षेत्रात 300 चौरस मीटरपर्यंत, अन्यत्र 200 चौरस मीटरपर्यंत) विकत घेता येते. त्यासाठी मामलेदाराकडे अर्ज करावा लागतो. परंतु पगार घेऊन मालकाच्या घराच्या आवारात राहणारा घरगडी किंवा चौकीदार, तसेच दुसऱ्याचे घर केवळ सांभाळण्यासाठी राहणारा माणूस, यांना हा कायदा मुंडकार मानीत नाही. येथेही मूळ भेद तोच आहे : हे त्याचे स्वतःचे बस्तान आहे, की कामापुरती दिलेली खोली?

दुसरा प्रश्न : मजुरी मिळते का?

"खोली दिली आहे, वीज-पाणी दिले आहे, आणखी कसली मजुरी?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. कायद्यात त्याला आधार नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यात राहत्या जागेची आणि वीज-पाण्याची किंमत वेतनाच्या व्याख्येतून वगळलेली होती, तशीच ती आताच्या वेतन संहितेतही मुळात वगळलेली आहे. वेतन रोखीने, धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावयाचे असते. मालकाने पुरविलेल्या घरापोटी काही कपात करण्यास वाव आहे, पण सर्व प्रकारची कपात मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये. थोडक्यात, खोली हे वेतनाला जोड असू शकते, ते संपूर्ण वेतन होऊ शकत नाही.

सर्वोच्च न्यायालय याहूनही पुढे गेले आहे. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात 1982 साली न्यायालयाने म्हटले, की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही राज्यघटनेच्या कलम 23 ने निषिद्ध ठरविलेली सक्तीची मजुरी होय. माणूस गरिबीमुळे तयार झाला, म्हणून ते त्याच्या स्वेच्छेचे होत नाही. वाडीवरच्या खोलीकडे या निकालाच्या प्रकाशात पाहिले, म्हणजे "तो स्वतःहून आला होता" हा युक्तिवाद किती तोकडा आहे हे समजते.

थकलेल्या वेतनाचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. कामावरून काढल्यास किंवा मजुराने काम सोडल्यास दोन कामकाजी दिवसांच्या आत त्याचे देणे चुकते करावयाचे असते. वेतन दिले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ज्याच्याकडे हजेरीची वही नाही, पावती नाही, तो मालक येथे अडचणीत येतो, मग त्याने प्रत्यक्षात पैसे दिलेले असोत वा नसोत.

तिसरा प्रश्न : उचल दिलेली आहे का?

उचल म्हणजे आगाऊ रक्कम. लग्न, आजारपण, घराचे छप्पर यांसाठी मालक दहा-वीस हजार देतो. ही मदत असू शकते. पण "उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही" अशी अट आली आणि मजुरी किमान वेतनाहून कमी असली, की तो व्यवहार वेठबिगारीच्या कक्षेत शिरतो. 1976 चा कायदा (जो 25 ऑक्टोबर 1975 पासून अमलात आल्याचे मानले जाते) अशी परतफेडीची जबाबदारीच रद्द करतो. ते कर्ज नव्हतेच, हे सिद्ध करण्याचा भारही तो मजुरावर टाकीत नाही. वेठबिगारीचे कर्ज नाही हे मालकाने सिद्ध करावयाचे असते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या कायद्यातील कलम 8 सर्वांत महत्त्वाचे आहे. वेठीच्या मोबदल्यात ज्या घरात मजूर राहत होता, त्या घरातून मुक्ततेनंतर त्याला काढता येत नाही. काढल्यास उपविभागीय दंडाधिकाऱ्याने ताबा परत मिळवून द्यावयाचा असतो. कायदा करणाऱ्यांना माणसाची नस ठाऊक होती. ज्याचे छप्पर मालकाच्या हाती आहे, तो तक्रार कशी करील? म्हणून मजुराला मुक्त करताना त्यांनी त्याचे छप्परही सांभाळले. दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मुक्त झालेल्या मजुराला पुनर्वसन योजनेतून तातडीची मदत 30 हजार रुपयांपर्यंत आणि नंतर प्रकरणाच्या स्वरूपानुसार एक ते तीन लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद आहे.

मालकांनी काय करावे?

वाडीवाल्या बंधूंना आमचे सांगणे असे, की कागदाला भिऊ नका. तुमचे खरे संरक्षण कागदातच आहे. माणूस कामाला ठेवताना एका पानावर लिहून काढावे : काम कोणते, रोज किती तास, आठवड्याची सुट्टी कोणती, मजुरी किती आणि कोणत्या दिवशी मिळणार, खोली कोणाच्या मालकीची व कशासाठी दिली, काम संपल्यावर ती सोडण्यास किती मुदत. दोघांनी सह्या किंवा अंगठे करावेत आणि प्रत मजुरालाही द्यावी. पत्नीही काम करीत असेल, तर तिचे नाव आणि तिची मजुरी स्वतंत्र लिहावी. "जोडप्याला एक पगार" ही वाडीवरची सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी दिसणारी चोरी आहे.

उचल दिलीच, तर ती वेगळी नोंदवावी आणि काम सोडण्याच्या स्वातंत्र्याशी तिचा संबंध जोडू नये. मजुराचे आधार कार्ड किंवा शिधापत्रिका अडकवून ठेवू नये. मुलांच्या शाळेसाठी राहत्या पत्त्याचा दाखला मागितला, तर जागा जाईल या भीतीने नाकारू नये. शाळेच्या पटावरील पत्ता म्हणजे मालकी हक्क नव्हे.

वाद झालाच, तर कुलूप लावणे, वीज तोडणे, सामान बाहेर टाकणे हे उपाय वर्ज्य समजावेत. लेखी नोटीस द्यावी, हिशेब पुरा करावा, मुदत द्यावी आणि तरीही जागा सुटली नाही तर न्यायालयात जावे. स्वतःच्या हाताने ताबा घेणाऱ्याची बाजू खरी असली तरी दुबळी होते. मजूर आदिवासी किंवा अनुसूचित जातीचा असेल, तर सक्तीचे काम करून घेणे किंवा बेकायदा हुसकावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गंभीर गुन्हा ठरू शकतो, हे विसरू नये.

मजुरांनी काय करावे?

पहिली गोष्ट, रागाच्या भरात निघून जाऊ नये आणि कोणत्याही कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. किती दिवस काम केले, किती पैसे मिळाले, याची नोंद ठेवावी. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वहीत लिहवून घ्यावी. पैसे बँक खात्यात मागावेत. वास्तव्याचा पुरावा जपावा : मतदार यादी, शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले, घर स्वतः बांधले असल्यास ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि साहित्य खरेदीच्या पावत्या. शेजारपाजारच्या जुन्या माणसांची साक्षही मोलाची असते.

दुसरी गोष्ट, दार योग्य ठिकाणी ठोठवावे. मजुरीचा प्रश्न असेल तर कामगार अधिकाऱ्याकडे; उचलीचा आणि सक्तीचा असेल तर तहसीलदार, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे; स्वतः बांधलेल्या घराचा असेल तर तहसीलदाराकडे, गोव्यात मामलेदाराकडे. तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि वेठबिगारीचे बळी यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 15100 या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते. जबरदस्तीने बाहेर काढले असल्यास विलंब करू नये, कारण ताबा परत मिळविण्याच्या काही दाव्यांना सहा महिन्यांचीच मुदत असते.

तिसरी गोष्ट अप्रिय आहे, पण सांगितली पाहिजे. खोली मालकाने बांधलेली असेल आणि मजुरी नीट मिळत असेल, तर काम सोडल्यावर खोलीही सोडावी लागेल. एखादा पुढारी "बसून राहा, जागा तुझी करून देतो" असे सांगत असेल, तर तो मजुराचे भले करीत नाही. त्या आश्वासनामुळे पुढच्या दहा मजुरांना कोणी खोली देणार नाही.

धर्मग्रामाने काय करावे?

पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. गरजेपोटी मजूर ज्या अटी मान्य करतो, त्या केवळ मान्य झाल्या म्हणून न्याय्य ठरत नाहीत, हा विचार त्यात आहे. याकोबाच्या पत्रातही शेत कापणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीचा विषय येतो. आपण ही वाचने ऐकतो. पण ती आपल्या वाडीच्या कुंपणापर्यंत पोहोचतात का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. चर्चच्या आणि संस्थांच्या आवारात राहून काम करणारे माळी व रखवालदार यांच्याबाबत तो आधी आम्ही, धर्मगुरूंनी, विचारावा. आपल्याच आवारातील हिशेबाची वही कोरी असेल, तर व्यासपीठावरून बोलण्याचा अधिकार आम्हाला उरत नाही.

मध्यस्थी हे चांगले कार्य आहे. मात्र मध्यस्थाने दोन्ही बाजूंना समोर बसवावे, वर सांगितलेले तीन प्रश्न विचारावेत आणि जे ठरेल ते लिहून घ्यावे. समोरचा देणगीदार आहे की अनोळखी, हे त्या वेळी मनातून काढावे लागते. उचलीपोटी सक्ती चालू असेल, तर तेथे समेट घडविणे हे मध्यस्थाचे काम नव्हे. तो गुन्हा आहे आणि त्याची माहिती अधिकाऱ्यांपर्यंत गेली पाहिजे.

ज्या कुटुंबाचा उल्लेख आरंभी केला, त्यांचा पत्ता नंतर मी पुष्कळ शोधला, पण लागला नाही. त्या मालकाशी मात्र पुढे एकदा मोकळेपणाने बोललो. माझ्याकडून राहून गेलेला प्रश्न त्याच्यासमोर ठेवला. तो बराच वेळ गप्प बसला. पुढच्या हंगामात नवा गडी ठेवताना त्याने वही घातली आणि ती मला आणून दाखविली. पहिल्या पानावर नवऱ्याचे नाव होते, त्याखाली बायकोचे, आणि दोघांपुढे वेगवेगळी रक्कम. आधीच्या कुटुंबाची आठ वर्षे त्या वहीत कोठेच नव्हती. ते देणे अजून बाकी आहे, आणि त्यातील काही भाग माझ्याही नावावर आहे.